व्हॅनच्या पुढे विंच: कमी खर्चातल्या माउंटच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

गाडी: पुढच्या चाकांवर चालणारी पॅनेल व्हॅन. भरल्या वजनाची मर्यादा २,८०० किलो, व्हीलबेस ३ मीटर. मागे सामान भरलं की पुढची चाकं हलकी होतात. मग ओल्या गवतावर किंवा सैल वाळूत ती जागच्या जागी फिरत राहतात. एकट्याने प्रवास करताना दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहणं परवडत नाही, म्हणून पुढे विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र, बसवायचा. या मॉडेलसाठी तयार माउंट (विंच गाडीला जोडणारी चौकट) मिळत नाही आणि बाहेरून बनवून घ्यायचा तर मजुरीच विंचच्या किमतीला भिडते. तेव्हा माउंट घरीच करायचा.

खर्चाचं धोरण सुरुवातीलाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह झाला तर हे पान उघडता येईल. ओढ दोरापासून सुरू होते आणि ड्रम (दोर गुंडाळणारं रीळ), विंचचे पाय, माउंट, बोल्ट असं करत चासीपर्यंत जाते. या वाटेवर येणाऱ्या कुठल्याही वस्तूत काटकसर नाही. वीज नेणाऱ्या तारांनाही हाच नियम. बाकी सगळं जुनं, भंगारातलं, हाताने घासूनपुसून घेतलेलं चालेल.

५ जानेवारी

विंचचा आकार ठरवला. सर्वसाधारण नियम असा की गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट क्षमता हवी. २,८०० ची दीडपट ४,२०० किलो, म्हणून ९,५०० पौंडांचा विंच, म्हणजे सुमारे ४,३१० किलो.

एवढा मोठा कशाला, असं वाटू शकतं. ३० अंशांच्या चढावर गाडी नुसती धरून ठेवायला तिच्या निम्म्या वजनाची ओढ पुरते, म्हणजे १,४०० किलो. पण चाकं अर्धी चिखलात गेली की ओढ गाडीच्या वजनाएवढी धरून चालावी असं रिकव्हरीचं काम करणारे सांगतात, आणि चढ असेल तर तो वेगळा. शिवाय लेबलवरचा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. थर वाढत जातात तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटते. चौथ्या थरावर त्याच विंचकडून साधारण साठ टक्केच मिळतात, म्हणजे जेमतेम २,६०० किलो. दीडपटीचा नियम त्यासाठीच आहे.

माउंटचा हिशेब मात्र पूर्ण ४,३१० किलोंवर करायचा. म्हणजे सुमारे ४२ किलोन्यूटन.

११ जानेवारी

पुढचा बंपर उतरवला. आत काय आहे ते आज नीट पाहिलं. दोन्ही बाजूंना चासीचे चौकोनी रेल पुढे येतात, पत्रा मोजला तर २ मिमी. रेलच्या टोकाला फ्लँज (बोल्ट लावायची सपाट कड), फ्लँजला बोल्टने जोडलेला पातळ पत्र्याचा क्रॅश बॉक्स, आणि दोन्ही बॉक्सना जोडणारा आडवा क्रॅश बीम. बीमच्या खाली आणि रेडिएटरच्या पुढे विंच मावेल एवढी पोकळी आहे.

सगळ्यात स्वस्त वाट समोरच दिसते: बीम काढा, त्याच फ्लँजवर जाड प्लेट बोल्ट करा, तिच्यावर विंच बसवा. नवीन भोकं पाडायला नकोत. पण ती वाट मला पसंत नाही. बीम आणि बॉक्स गेले की धडकेची ऊर्जा चुरगळून शोषून घेणारा भागच गेला. एअरबॅग कधी उघडायची याचा निर्णय गाडी किती झपाट्याने थांबते यावर होतो, आणि पुढचं टोक एकदम कडक केलं की तो हिशेब बदलतो. बॉक्स ठेवून बीमलाच विंच लावला तर उलटी अडचण. दाबाखाली चुरगळण्यासाठी बनवलेल्या पातळ डब्याला आपण टनावारी ताण देणार.

म्हणून ठरलं असं: बीम आणि बॉक्स जागच्या जागी राहतील. दोन्ही रेलच्या बाहेरच्या अंगाला ८ मिमीच्या बाजूप्लेटा, रेलमधून आरपार बोल्टने. त्या प्लेटा बॉक्सच्या शेजारून आणि बीमच्या खालून पुढे येतील आणि त्यांच्यामध्ये ६ मिमीचं क्रेडल, म्हणजे विंच बसतो तो पाळणा. पुढची कड बीमच्या चेहऱ्यापेक्षा ६० मिमी मागे, म्हणजे टक्कर झाली तर आधी बीमला लागेल. बॉक्सला पूर्ण चुरगळायला पूर्वीएवढी जागा राहत नाही हे खरं आहे. ती या रचनेची किंमत आहे आणि ती समजून घेऊनच पुढे जातोय. गाडीत असा बदल चालतो का, हे नोंदणी खातं आणि विमा कंपनी या दोघांना लेखी विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत गाडीला भोक पाडायचं नाही, फक्त बाकावरची कामं करायची.

१२ जानेवारी

पुठ्ठ्याचा दिवस. बाजूप्लेटांचे साचे जाड पुठ्ठ्यातून कापून रेलला चिकटपट्टीने लावले. विंचचा नमुना खोक्यातूनच बनवला. पायांच्या भोकांचं अंतर या आकाराच्या विंचना बहुतेक एकच असतं: आडवं २५४ मिमी, उभं ११४.३ मिमी. फेअरलीडच्या (दोर ज्यातून बाहेर येतो त्या तोंडाच्या) दोन बोल्टांमध्येही २५४. त्यामुळे विंच हातात नसतानाही आराखडा बनतो, आणि उद्या हा विंच गेला तर दुसरा त्याच भोकांवर बसेल.

पुठ्ठ्यामुळे जे कळलं ते कागदावरच्या मापांत कधीच दिसलं नसतं. डाव्या रेलच्या पोटाला एसीची नळी चिकटून जाते, म्हणून डाव्या प्लेटला खालून खाच लागणार. उजवीकडे हॉर्न आहे, तो हलवता येईल. विंचच्या क्लचचा दांडा (ड्रम मोकळा सोडणारा) बंपर बसवल्यावर हाताला लागला पाहिजे, म्हणजे विंच थोडा डावीकडे सरकवावा लागतो. गिअरबॉक्सचे बोल्ट काढून तो फिरवून बसवला की दांडा वर येतो, ती सोय वापरणार. रेडिएटर आणि मोटर यांच्यात सर्वांत अरुंद जागी ३० मिमी उरतात.

सगळं पुठ्ठ्यात उभं राहिल्यावर बंपर परत लावून पाहिला. क्रेडलचा तळ बंपरच्या खालच्या कडेच्या वरच राहतो, म्हणजे चढाला भिडताना पुढचं टोक आजच्यापेक्षा लवकर घासणार नाही.

१८ जानेवारी

विंच आला, वापरलेला. कंट्रोल बॉक्स जळलेला, तारेचा दोर पिचलेला, म्हणून स्वस्तात मिळाला. या दोन्ही वस्तू नाहीतरी नव्याच घ्यायच्या होत्या.

उघडून पाहिला. मोटरचे कार्बन ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक, कम्युटेटर काळवंडलेला पण खड्डे नाहीत. गिअरबॉक्समधलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालं होतं. सगळं रॉकेलने धुतलं, दात एकेक करून पाहिले, नवं ग्रीस भरलं. ब्रेक ड्रमच्या आत आहे, त्याला ग्रीसचा स्पर्शही होऊ दिला नाही. वापरलेला विंच घ्यायचा तर विकणाऱ्यासमोर दोन गोष्टी नक्की तपासाव्या: क्लच सोडल्यावर ड्रम हाताने मोकळा फिरतो का, आणि वजन लटकवून थांबवल्यावर ब्रेक धरतो का. कंट्रोल बॉक्स, दोर, फेअरलीड हे सगळं बदलता येतं. गिअर आणि ब्रेक गेलेला विंच फुकट मिळाला तरी महागच पडतो.

१९ जानेवारी

बोल्टांचा हिशेब. जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं माउंट यावर उभं आहे.

प्रत्येक बाजूला चार बोल्ट, एम१२. आडवं अंतर १५० मिमी, उभं ५० मिमी. दोराची रेषा या चौकडीच्या मध्यापासून ११० मिमी खाली येते. सरळ ओढीत एका बाजूला २१ किलोन्यूटन, म्हणजे प्रत्येक बोल्टवर सव्वापाच. पण दोर खाली असल्यामुळे प्लेट फिरायला पाहते: २१ गुणिले ०.११, सुमारे २.३ किलोन्यूटन-मीटरचं बळ. चार बोल्टांवर ते वाटलं तर प्रत्येकी आणखी सातेक किलोन्यूटन, वेगळ्या दिशेने. दोन्हींची बेरीज केली की सर्वांत जास्त भार घेणाऱ्या बोल्टवर सुमारे १० किलोन्यूटन येतात. दोर तिरका गेला आणि जवळजवळ सगळी ओढ एकाच बाजूवर आली, तर २०.

८.८ ग्रेडच्या एम१२ बोल्टची कातरण्याला टिकण्याची ताकद, आटे कातरण्याच्या रेषेत धरूनसुद्धा, ४० किलोन्यूटनच्या आसपास. म्हणजे वाईटातल्या वाईट स्थितीतही दुप्पट. १०.९ ग्रेड घेतला तर ताकद २५ टक्क्यांनी वाढते, पण इथे त्याची गरज नाही. पैसे वाचले, आणि तेही ओढीच्या वाटेवर तडजोड न करता.

खरी कमजोर जागा बोल्ट नाही, रेलचा २ मिमीचा पत्रा आहे. बोल्ट तुटण्याआधी भोक लांबट होईल. म्हणून तीन गोष्टी ठरवल्या. रेलच्या आतल्या अंगालाही ६ मिमीची पट्टी, म्हणजे पत्रा दोन जाड प्लेटांमध्ये आवळला जाईल. प्रत्येक बोल्टाभोवती रेलच्या आत नळी, म्हणजे आवळताना चौकोनी रेल पिचकणार नाही. आणि दोन्ही बाजूप्लेटांना क्रेडलच्या मागून आडवी जोडपट्टी, म्हणजे तिरक्या ओढीत एक बाजू एकटी पडणार नाही.

दुहेरी दोराचंही ठरवून टाकलं. स्नॅच ब्लॉकमधून (दोर वळवणाऱ्या कप्पीतून) दोर परत आणला की गाडीवर येणारी एकूण ओढ विंचच्या क्षमतेच्या दुप्पट होऊ शकते. परतीचं टोक क्रेडलला लावलं तर ८४ किलोन्यूटन त्याच एका जागी. म्हणून परतीसाठी उजव्या बाजूप्लेटला, थेट रेलच्या रेषेत, वेगळी शॅकलची (जोडकडीची) जागा काढतोय. तिथेही दुहेरी ओढ विंचच्या पूर्ण ताकदीने करायची नाही. दुहेरी दोराचा खरा फायदा विंच निम्म्या भारावर चालतो हा आहे, आणि तेवढाच घ्यायचा. दोराच्या दुसऱ्या टोकाच्या झाडाला किंवा खांबालाही ही दुप्पट ओढ सोसावी लागते, हे विसरायचं नाही.

२५ जानेवारी

प्लेटा कापल्या. ८ मिमीचे तुकडे कारखान्यातल्या उरलेल्या कापांतून वजनावर मिळाले. साधं माइल्ड स्टील, गॅल्व्हनाइज केलेलं नाही. जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्डिंगला आणला तर त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो, म्हणून स्वस्त असूनही तो नाकारला.

साच्यावरून खुणा, सेंटर पंच, मग ग्राइंडर. आतल्या कोपऱ्यांना आधी ड्रिलने भोक पाडलं आणि मग तिथपर्यंत काप घेतला, म्हणजे कोपरा धारदार राहत नाही. तडा धारदार कोपऱ्यातूनच सुरू होतो. भोकांची मध्यं कडेपासून २५ मिमी आत ठेवली. १३ मिमीचं भोक एकदम पाडायचं नाही: आधी ४, मग ८, मग १३. शेवटच्या बिटला ड्रिल मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वर नेलं नाही आणि कटिंग ऑइल सतत दिलं. डाव्या-उजव्या प्लेटा एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी भोकं पाडली, म्हणजे जोडी जुळते.

२६ जानेवारी

वेल्डिंग. शेजारच्या वर्कशॉपमधल्या काकांनी मशीनही दिलं आणि जवळ उभंही राहिले. "आधी सगळीकडे टॅक मार, गुण्या लाव, विंच ठेवून बघ. मगच पूर्ण वेल्ड. गरम झालेलं लोखंड ओढतंच रे, तू कितीही धर." तसंच केलं. क्रेडलमध्ये खोटा विंच म्हणून त्याच भोकांची जाड पट्टी बोल्ट करून ठेवली, म्हणजे वेल्ड थंड होताना चौकट वाकडी होणार नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, थोडं थोडं.

६ मिमीच्या फिलेट (कोपऱ्यातल्या) वेल्डचा गळा, म्हणजे त्याची सर्वांत कमी जाडी, सुमारे ४.२ मिमी. अगदी सावधपणे १०० मेगापास्कल धरले तरी १०० मिमी लांबीचा चांगला वेल्ड ४२ किलोन्यूटन घेतो, म्हणजे विंचची पूर्ण ओढ. आमच्याकडे प्रत्येक बाजूला याच्या कितीतरी पट लांबी आहे. तेव्हा इथे प्रश्न लांबीचा नाही, वेल्ड धातूत उतरला का याचा आहे. ८ मिमीच्या प्लेटांच्या कडा तिरक्या घासून घेतल्या होत्या. काकांनी उरलेल्या तुकड्यांवर माझ्याकडून एक जोड करून घेतला, तो शिकंज्यात धरून घणाने दुमडला आणि तुटलेली बाजू दाखवली. मुळापर्यंत धातू एकजीव झाला होता. त्यानंतरच त्यांनी मला खऱ्या प्लेटला हात लावू दिला.

चासीवर मात्र एकही टाका मारायचा नाही. रेलचं पोलाद बऱ्याचदा उच्च ताकदीचं असतं, उष्णतेने ते जोडाशेजारी कमकुवत होतं, आणि रेलच्या आतला गंजरोधक थर जळून जातो. माउंट पूर्ण बोल्टवर. रेडिएटर बदलायचा झाला तरी तो उतरवता येईल.

१ फेब्रुवारी

दोन्ही ठिकाणची लेखी परवानगी आली. माउंटचे फोटो आणि आराखडा पाठवला होता, काम झाल्यावर तपासणीला गाडी न्यायची आहे. आता भोकं पाडायला हरकत नाही.

बॅटरीची तार सोडली. माउंट जॅकवर उचलून रेलला लावला, पातळीने सरळ केला, क्लॅम्प केला. बाजूप्लेटच्या भोकांतूनच रेलवर खुणा. बाहेरून ड्रिल करताना ते काटकोनात राहणं सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर आतल्या भिंतीत भोक सरकतं. लाकडी ठोकळ्यात बाकावरच्या ड्रिलने सरळ भोक पाडलं आणि तो ठोकळा मार्गदर्शक म्हणून वापरला. आतलं भोक बरोबर पट्टीच्या खुणेवर निघालं.

नळीसाठी २० मिमी बाहेरचा, ३.५ मिमी जाडीचा पाइप. आत बरोबर १३ मिमी उरतात. रेलची आतली रुंदी प्रत्येक बोल्टापाशी वेगळी मोजली, कारण रेल पुढे थोडा निमुळता होतो. नळी आत घालायला पत्र्यात २० चं भोक पाडावं लागतं. ते फक्त आतल्या भिंतीत पाडलं आणि त्यावर ६ मिमीची पट्टी येते. बाहेरची भिंत १३ चीच राहिली. नळी आतून सरकवली की ती बाहेरच्या भिंतीला टेकते आणि मागून पट्टी तिला धरते. नळ्यांची लांबी कानशीने जुळवली: आतल्या भिंतीच्या पृष्ठभागाशी सपाट, केसभरही बाहेर नाही.

डावीकडच्या मागच्या दोन बोल्टांपाशी आतून पाना जात नाही. तिथे नट वेल्ड करण्याचा विचार सोडून दिला, कारण कठीण केलेला नट वेल्डच्या उष्णतेने मऊ पडतो. त्याऐवजी तिथली पट्टी १५ मिमी जाड घेतली आणि तिच्यातच एम१२ चे आटे पाडले. १०.२ चं भोक, मग टॅप, अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, भरपूर तेल. बोल्टाच्या व्यासापेक्षा जास्त खोलीचे आटे मिळाले की साध्या पोलादातही ते चांगलं धरतात.

२ फेब्रुवारी

रेलमधला सगळा किस लोहचुंबक आणि हवेने काढला. राहिलेला प्रत्येक कण गंजाचं बी आहे. भोकांच्या कडांना झिंक प्रायमर दोन हात. माउंटलाही तोच. जिथे माउंट रेलला टेकतो तिथे फक्त पातळ प्रायमर, वर रंग नाही. बोल्टाखाली रंगाचा जाड थर असला की तो हळूहळू दबतो आणि आवळ सैल होतो.

८ फेब्रुवारी

माउंट बसला. बोल्ट हातानेच आत गेले, कुठेही ठोकावं लागलं नाही. कठीण वायसर, आरपार बोल्टांना नायलॉक नट, टॉर्क पान्याने ८० न्यूटन-मीटर, तिरक्या क्रमाने दोन टप्प्यांत. पट्टीतल्या आट्यांना लॉकिंग द्रव. प्रत्येक बोल्टावर आणि शेजारच्या प्लेटवर मिळून एक रंगाची रेघ ओढली, म्हणजे फिरला तर नजरेला कळेल. रेलच्या आत कॅव्हिटी वॅक्स फवारलं.

विंचच्या पायांचे चार बोल्ट एम१०. यांची लांबी जपून निवडायची असते. पायातल्या नटाच्या पलीकडे बोल्ट तळाला टेकला तर टॉर्क पाना क्लिक करतो आणि पाय मात्र सैलच राहतो.

१५ फेब्रुवारी

वीज. बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखालच्या तळात आहे, तिथून विंच साडेतीन मीटर. पूर्ण भारावर हा विंच ४०० अँपिअरच्या आसपास खेचतो. जाऊन-येऊन ७ मीटर तांब्याची तार धरली तर ३५ चौ. मिमी तारेत १.४ व्होल्ट जातात, ५० च्या तारेत एक व्होल्ट, ७० च्या तारेत ०.७. पन्नासची घेतली. विंचसोबत येणारी आखूड तार जोड देऊन वाढवायची नाही.

वेल्डिंग केबलचे उरलेले तुकडे उत्तम चालतात. बारीक तारांची, लवचिक. पण घेताना टोक खरवडून पाहिलं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार हुबेहूब तशीच दिसते, वजनाला हलकी लागते आणि खरवडली की आत पांढरी निघते. तिचा रोध कितीतरी जास्त असतो. एका विक्रेत्याकडची तशी निघाली, ती परत ठेवली.

ऋण तारही थेट बॅटरीपर्यंत नेली, चासीच्या भरवशावर सोडली नाही. बॅटरीजवळ ५०० अँपिअरचा बोल्टने बसणारा फ्यूज, त्यानंतर हाताने तोडायचा आयसोलेटर. विंच वापरात नसताना बंपरपर्यंत गेलेली तार मेलेली असली पाहिजे. टक्करीत सगळ्यात आधी चिरडली जाईल ती हीच. लग (तारेच्या टोकाचे धातूचे कान) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले, तो उसना आणला. जळालेल्या बॉक्सच्या जागी नवा बंद कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच), बॉनेटखाली कोरड्या जागी. तारेला पूर्ण लांबी नालीदार नळी, सायलेन्सर आणि इंधनाच्या नळीपासून दूर.

इंजिन चालू ठेवूनच विंच वापरायचा. तरी अल्टरनेटर ४०० अँपिअर देत नाही, उरलेले बॅटरीतून जातात. पूर्ण भाराचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ ७ अँपिअर-तास.

१६ फेब्रुवारी

बंपर कापला. चिकटपट्टी लावून खुणा, बारीक दातांची करवत, कड कानशीने गोल. फेअरलीडपुरती खिडकी आणि क्लचच्या दांड्यासाठी एक झडप, एवढंच. नंबरप्लेट हलवावी लागली नाही, दिवे झाकले नाहीत.

२२ फेब्रुवारी

दोर सिंथेटिक घेतला. तारेपेक्षा महाग आहे, पण हा खर्च ओढीच्या वाटेवरचा. तुटला तर तारेएवढी ऊर्जा घेऊन उसळत नाही, हातात सळ घुसत नाही, आणि पुढच्या टोकाचं वजन बरंच कमी होतं. फेअरलीड ॲल्युमिनियमचं, गुळगुळीत तोंडाचं. जुन्या विंचसोबत आलेले रोलर तारेने खरवडलेले होते, त्यांवरून हा दोर नेला तर धागे कापले गेले असते. सिंथेटिक दोराला उष्णता सोसत नाही, आणि ब्रेक ड्रमच्या आत असल्याने भाराखाली मोटरने दोर सोडत राहिलं की ड्रम तापतो. म्हणून दोर काढताना क्लच सोडून हाताने ओढायचा. अर्थात भार नसतानाच.

गुंडाळण्याची दिशा काळजीने तपासली. दोर ड्रमच्या खालून, पायांच्या बाजूने निघाला पाहिजे. उलटा गुंडाळला तर ओढ पायांपासून दूर जाते आणि ब्रेक ज्या दिशेने धरायला हवा त्या दिशेने धरत नाही. ड्रमवर सिंथेटिकचे किमान आठ-दहा वेढे कायम राहिले पाहिजेत. टोकाचा स्क्रू फक्त दोर जागेवर ठेवतो, भार धरतात ते वेढे.

पहिली गुंडाळणी भाराखाली: हलक्या चढावर गाडी न्यूट्रलमध्ये, आत मित्राचा पाय ब्रेकवर अलगद, आणि विंचने गाडीलाच वर ओढत नेलं. सैल गुंडाळलेल्या दोरात पुढे जोराची ओढ आली की वरचा वेढा खालच्यांत रुततो.

१ मार्च

भाराची चाचणी. ५ टनांचा लटकता वजनकाटा उसना आणला. पट्टा एका जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाला, खोडाशी खाली. गाडीच्या चारही चाकांना ओंडके, हँडब्रेक, इंजिन चालू. दोरावर जाड कापडाचा डॅम्पर, दोराच्या रेषेत आणि कोनात कुणी नाही, मी रिमोटची तार लांब करून उघड्या दरवाजाआड.

डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) रेलला चिकटवून त्याची सुई क्रेडलच्या पुढच्या कडेवर. ५०० किलोला कड ०.३ मिमी हलली, १,००० ला ०.६, १,५०० ला ०.९. भार सोडला की सुई शून्यावर. भार आणि हालचाल सरळ रेषेत वाढतात आणि मागे काही उरत नाही, म्हणजे लोखंड स्प्रिंगच्या मर्यादेत आहे आणि कुठलाही जोड सरकत नाही. मग तिरकी ओढ, सुमारे ३० अंश, १,००० किलोला. जवळची बाजू थोडी जास्त हलली, पण ती जागेवर परतली. १,५०० च्या पुढे गेलो नाही, कारण त्यानंतर गाडीच ओंडक्यांवर चढायला बघते.

त्याच भाराला क्लॅम्प मीटर १८० अँपिअर दाखवत होता आणि तारेत अर्धा व्होल्ट जात होता. हिशेबाने ०.४४ येतो, उरलेला लग आणि स्विचचा. हात लावून पाहिलं तर एकही जोड कोमटसुद्धा नाही.

बोल्टांच्या रेघा जागच्या जागी. तरी पाना लावला: उजवीकडचे दोन किंचित फिरले, बाकी पक्के.

८ मार्च

वजन. विंच दोरासकट ३० किलो, माउंट १८, मिळून ४८. हे वजन पुढच्या आसापासून ०.९ मीटर पुढे लटकतंय, म्हणून पुढच्या आसावर ४८ नाही, ६२ किलो वाढतात आणि मागचा आस १४ किलोंनी हलका होतो. वजनकाट्यावर दोन्ही आस वेगळे मोजून घेतले. पुढचा आस दारावरच्या पट्टीतल्या मर्यादेच्या आत आहे, दोघं बसलेले धरूनही. हेडलाइटची उंची पुन्हा लावून घेतली.

गाडी भरून लांब चढावर नेली, पाण्याचं तापमान ओबीडीवर (गाडीच्या संगणकाच्या आकड्यांत) पाहत. पूर्वीपेक्षा एक-दोन अंश वर, पंखा थोडा आधी सुरू होतो. एसी लावूनही तेवढंच. रेडिएटरसमोरची ३० मिमीची मोकळी जागा पुरते आहे.

१६ मार्च

तपासणी झाली, नोंदणीत बदल चढला, विम्याचं पत्रही आलं. तपासणाऱ्याने आरपार बोल्ट आणि आतल्या पट्ट्या आरशाने पाहिल्या आणि टॉर्क विचारला.

उरलेली कामं: सिंथेटिक दोराला उन्हापासून आच्छादन शिवायचं, क्लचच्या झडपेला बिजागरी, आणि चिखलातल्या प्रत्येक वापरानंतर दोर पूर्ण सोडून साध्या पाण्याने धुवायचा. एका महिन्याने सगळ्या बोल्टांना पुन्हा टॉर्क पाना, त्यानंतर सर्व्हिसिंगबरोबर.